एकच सुई, एकच अंथरूण: नशा करणाऱ्या जोडप्यांनी एचआयव्हीपासून कसं वाचावं

इंजेक्शनने नशा करणाऱ्या माणसाला एचआयव्ही दोन वाटांनी गाठू शकतो, रक्तातून आणि संभोगातून. आरोग्यसेवेने मात्र या दोन वाटा दोन वेगळ्या खिडक्यांवर वाटून टाकल्या आहेत. सुया-सिरिंज मिळतात तिथे लैंगिक आयुष्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. गुप्तरोगाच्या दवाखान्यात दंडावरच्या खुणांचा विषय निघत नाही. शिवाय दोन्हीकडे विचार होतो तो एकट्या माणसाचा. प्रत्यक्षात नशेसाठी पैसे दोघं मिळून उभे करतात, माल दोघं मिळून आणतात, घेतात एकत्र आणि झोपतातही एकत्र. म्हणून इथे जे सांगितलं आहे ते जोडीसाठी आहे. मग ते नवरा-बायको असोत, दोन पुरुष असोत, की अधूनमधून भेटणारे दोघं.

आधी धोक्याचं माप घेऊ. एकाला एचआयव्ही आहे, त्याचे उपचार चालू नाहीत आणि कसलंही संरक्षण वापरलेलं नाही, असं धरून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 10,000 प्रसंगांमागे किती वेळा लागण होते याचे अंदाज दिले आहेत. वापरलेली सुई घेतल्यास 63. गुदमैथुनात आत घेणाऱ्याला 138, करणाऱ्याला 11. योनीसंभोगात स्त्रीला 8, पुरुषाला 4. आकडे किरकोळ वाटतात, पण नशेचं इंजेक्शन महिन्यातून एकदा घेतलं जात नाही. दिवसातून दोनदा, दरवेळी बाधित जोडीदाराच्याच सुईने घेतलं, तर याच आकड्यांच्या हिशेबाने महिन्याभरात लागण होण्याची शक्यता तिनात एक इतकी होते. आणि ही सरासरी झाली. समोरच्याला नुकतीच लागण झाली असेल, कोणाच्या गुप्तांगावर जखम असेल किंवा दुसरा लैंगिक संसर्ग असेल, तर धोका सरासरीच्या बराच वर जातो.

विश्वासातून जाणारी सुई

जोडीदाराची सुई वापरणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे असं समजून दिलेला सल्ला कोणी ऐकत नाही, आणि न ऐकण्याला कारण आहे. अनोळखी माणसाची सुई नको म्हणणारा तोच माणूस जोडीदाराची सुई न विचारता घेतो. ज्याच्यासोबत कंडोमशिवाय झोपतो त्याच्या सुईला काय घाबरायचं, असा त्यामागचा विचार. वेगळी सिरिंज मागितली तर ‘माझ्यावर भरवसा नाही का?’ हा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न सुईपेक्षा जास्त टोचतो.

दुसरं कारण कौशल्याचं आहे. बऱ्याच स्त्रियांना पहिलं इंजेक्शन पुरुष जोडीदाराने दिलेलं असतं आणि पुढेही तोच देत राहतो. देणारा बहुतेकदा आधी स्वतःला टोचून घेतो, मग तीच सुई तिच्या हातात जाते. म्हणजे दुसरा नंबर ठरलेलाच. सुई बोथट होते, रक्त आत राहतं आणि धोका दुसऱ्याच्या वाट्याला येतो. यावर एकच टिकाऊ उपाय आहे. जो टोचून घेतो त्याला स्वतःचं स्वतः घेता आलं पाहिजे, आणि त्याचा संच पूर्णपणे त्याचा हवा. हे शिकवणाऱ्या हानी-न्यूनीकरण केंद्रांमध्ये, म्हणजे नशा सुटली नसली तरी तिचा अपाय कमी करायला मदत करणाऱ्या केंद्रांमध्ये, स्त्रियांसाठी वेगळी वेळ आणि स्त्री कार्यकर्ती असायलाच हवी, असं आमचं ठाम मत आहे. जोडीदारासमोर हा प्रश्न विचारणं अनेकींना शक्य नसतं.

संच म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘आम्ही सुई वाटून घेत नाही’ असं खरंखुरं सांगणाऱ्यांनाही संसर्ग होतो. पावडर विरघळवायचा चमचा किंवा डबी, गाळायचा कापूस, पाणी, पाण्याचा कप, दंडाला बांधायची पट्टी, जागा पुसायचा बोळा, या सगळ्यांवर रक्त येऊ शकतं. वापरलेल्या सिरिंजचं टोक एकदा पाण्यात बुडालं की ते पाणी दोघांचं झालं. नेहमीची चूक वाटणी करताना होते. एकाच डबीतून दोघं आपापल्या सिरिंजने ओढतात, किंवा एकाच्या भरलेल्या सिरिंजमधून दुसरीच्या नळीत माल सोडतात. त्यातली एकही सिरिंज आधी वापरलेली असली तर सुई वेगळी असूनही रक्त पोचतं. म्हणून वाटणी कोरडी असतानाच करावी. विरघळवूनच करायची असेल तर एकदाही न वापरलेल्या तिसऱ्या सिरिंजने मोजावी आणि मग प्रत्येकाने आपल्या डबीत, आपल्या कापसातून, आपल्या पाण्याने पुढचं करावं.

सिरिंजची घडणही महत्त्वाची आहे. सुई काढता येते अशा सिरिंजचा दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या बुंध्यात आणि टोकात साधारण 84 मायक्रोलिटर द्रव अडकून राहतो. सुई नळीला जोडूनच येते अशा इन्सुलिन सिरिंजमध्ये तो सुमारे 2 मायक्रोलिटर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये अशा कमी पोकळीच्या सिरिंज वाटपात ठेवण्याची शिफारस केली ती यासाठीच. हवेत विषाणू लगेच मरतो ही समजूत सिरिंजच्या बाबतीत लागू पडत नाही. प्रयोगशाळेत सिरिंजमधल्या रक्तात एचआयव्ही 42 दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे आणि यकृताला सूज आणणाऱ्या हेपटायटिस सीचा विषाणू 63 दिवसांपर्यंत. कालची धुतलेली सुई आज सुरक्षित झाली असं समजू नये.

दोघांच्या सिरिंज सारख्या दिसतात आणि अंधारात, घाईत अदलाबदल होते. दट्ट्याच्या टोकावर वेगवेगळ्या रंगाची टेप किंवा नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवावा. दिवसाला जितकी इंजेक्शनं लागतात त्यापेक्षा दोन-तीन सिरिंज जास्त आणाव्यात, कारण शीर चुकते आणि सुई वाकते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात टाकून केंद्रावर परत द्याव्यात.

नवी सिरिंज मिळणारच नसेल, तर ब्लीचने धुणं हा शेवटचा आणि दुबळा पर्याय आहे. थंड पाणी पूर्ण भरून, हलवून फेकायचं. रक्त दिसेनासं होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. मग पाणी न मिसळलेलं घरगुती ब्लीच पूर्ण भरायचं, निदान 30 सेकंद, शक्य असेल तर 2 मिनिटं हलवत ठेवायचं आणि फेकायचं. शेवटी दुसऱ्या कपातल्या ताज्या पाण्याने खळबळायचं. गरम पाण्याने सुरुवात केली तर रक्त गोठून आतच चिकटतं. एचआयव्हीची शक्यता याने कमी होते. हेपटायटिस सीबाबत मात्र यावर विसंबून चालत नाही.

‘ज्याला एचआयव्ही नाही त्याने आधी घ्यावं’ असा क्रम काही जोडपी ठरवतात. एचआयव्हीपुरता तो समजण्यासारखा आहे. पण हेपटायटिस सी नेमका पहिल्यालाच असेल तर तोच क्रम दुसऱ्याला घातक ठरतो.

नशेत शरीर कसं वागतं

हेरॉइन, ब्राऊन शुगर, कोडीन, ट्रामाडोल या ओपिऑइड गटातल्या द्रव्यांनी कामेच्छा मंदावते, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन खाली येतं, वीर्यपतनाला फार वेळ लागतो. नशा उतरताना सुरू होणाऱ्या टर्कीत उलट घडतं. शीघ्रपतन होतं, अंग दुखतं आणि कसंही करून माल मिळवण्याची निकड सगळ्यावर मात करते. स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा महिनोन्‌महिने थांबते. यातून होणारी चूक महागात पडते. पाळी नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, असं समजून गर्भनिरोधक सोडलं जातं. पाळी परत येण्याआधी बीजांड सुटलेलं असतं, म्हणून पाळी न दिसताही दिवस जाऊ शकतात. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही नशेच्या जागी दिली जाणारी औषधं सुरू करून प्रकृती स्थिरावू लागली की ही शक्यता आणखी वाढते. उपचार सुरू करतानाच गर्भनिरोधकाबद्दल विचारून घ्यावं.

एमडी (मेफेड्रोन), मेथॅम्फेटामिन, कोकेन अशा उत्तेजकांचा परिणाम वेगळा आहे. संभोग तासन्‌तास चालतो, तोंड आणि योनी कोरडी पडते, दुखलेलं जाणवत नाही. घर्षणाने बारीक चिरा पडतात आणि त्या संसर्गासाठी उघडी दारं असतात. अशा वेळी लुब्रिकंट सढळ हाताने वापरावं, ते आधीपासून हाताशी असावं आणि दर अर्ध्या तासाने कंडोम बदलावा. एकापेक्षा जास्त जोडीदार असतील तर प्रत्येकासाठी नवा. उत्तेजकांनी लिंगाला ताठरता येत नाही म्हणून सिल्डेनाफिलची गोळी घेतली जाते. ती पॉपर्स म्हणजे अमाइल नायट्राइटसोबत घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. जीएचबी या गुंगी आणणाऱ्या द्रव्याच्या बाबतीत हवी ती नशा आणि बेशुद्धी यांत फार थोड्या मात्रेचं अंतर असतं. त्यात दारू मिसळली की श्वास थांबतो.

इंजेक्शन न घेता ओढणाऱ्यांनी आणि हुंगणाऱ्यांनी हा विषय आपला नाही असं समजू नये. त्यांच्यासाठी एचआयव्हीची मुख्य वाट लैंगिक संबंधांचीच आहे. नाकात घालायची नळी आणि तापलेला पाइप वाटून घेतल्यास नाकातल्या रक्तातून, भाजलेल्या ओठांतून हेपटायटिस सी पसरू शकतो.

नशेत संमतीचा प्रश्न टाळता येत नाही. झोपलेली, बेशुद्ध किंवा बोलता येत नाही अशा अवस्थेतली व्यक्ती संमती देऊच शकत नाही, मग ती बायको असो वा नवरा. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, काल होकार होता म्हणून आज आहे असंही नाही. झोपेच्या गोळ्यांनंतर बोलणारा, चालणारा माणूसही दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही असं सांगतो. तो खोटं बोलत नसतो.

कंडोम कुठे फसतो

कंडोम फाटण्यामागे बहुतेक वेळा वापरण्यातली चूक असते. तारीख उलटलेली असते किंवा पाकीट खिशात महिनोन्‌महिने घासलेलं असतं. दाताने पाकीट फाडलं जातं. टोकातली हवा काढली जात नाही. तेल, व्हॅसलीन, मॉइश्चरायझर लावलं की लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. त्यासोबत पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित लुब्रिकंटच चालतं. दोन कंडोम एकावर एक घातले तर ते एकमेकांवर घासून फाटतात. आणि वीर्यपतनानंतर ताठरता असतानाच बुंध्याशी धरून बाहेर काढला नाही तर तो आतच राहतो. उत्तेजकांमुळे ताठरता मध्येच गेली तर कंडोम घसरतो, म्हणून अधूनमधून हाताने तपासावं. ज्या पुरुषाला कंडोमचं नाव काढलेलं आवडत नाही, त्याच्या जोडीदारासाठी स्त्री-कंडोम उपयोगी पडतो. तो संभोगाच्या काही तास आधी, शुद्धीत असतानाच बसवता येतो.

संरक्षणाचा निर्णय त्या क्षणावर सोडला की तो जवळजवळ नक्कीच हरतो. तलफ लागलेली असताना, नशा चढलेली असताना किंवा भांडण नुकतंच थांबलेलं असताना हा विषय काढू नये. दोघं स्थिर असताना काढावा. ‘तुझ्यावर संशय नाही, पण आपल्या दोघांपैकी कोणाला काय आहे हे तपासल्याशिवाय कळणार नाही. आपण एकाच दिवशी जाऊ,’ असं म्हणता येतं. किंवा ‘तू बाहेर कोणासोबत सुई वापरलीस तर मी रागावणार नाही, फक्त मला त्याच दिवशी सांग.’ हे दुसरं वाक्य म्हणणाऱ्याने ते खरोखर पाळावं लागतं. एकदा जरी आरडाओरडा झाला तरी पुढचं लपवलं जातं. संच आणि कंडोम एकाच पिशवीत ठेवले की एक घेताना दुसरं समोर येतं. साधी गोष्ट आहे, पण उपयोगी पडते.

नकार देण्याची ताकद

काही नात्यांत यापैकी काहीच बोलता येत नाही. माल आणणारा तोच, पैसे त्याच्याकडे, टोचणाराही तोच, आणि नकार दिला तर मार. हिंसा असलेल्या नात्यात ‘कंडोमचा आग्रह धरा’ हा सल्ला क्रूर आहे. तिथे आधी सुरक्षित जागा, विश्वासू कार्यकर्ती आणि जोडीदाराच्या मर्जीवर अवलंबून नसलेला उपाय लागतो. रोजची प्रेपची, म्हणजे लागण आधीच टाळणारी गोळी किंवा त्याच कामाचं दर दोन महिन्यांनी घ्यायचं कॅबोटेग्रॅव्हिरचं इंजेक्शन असा उपाय होऊ शकतं. इंजेक्शनमुळे गोळ्यांची बाटली घरात ठेवावी लागत नाही.

मालाच्या किंवा पैशाच्या बदल्यात संभोग करावा लागणाऱ्यांची घासाघीस करण्याची ताकद टर्की सुरू होताच संपते. समोरचा कंडोमशिवाय जास्त देतो आणि नाही म्हणणं अशक्य होतं. सकाळी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा डोस मिळालेल्या व्यक्तीवर ती निकड नसते. ओपिऑइड पर्यायी उपचाराने इंजेक्शन घेणाऱ्यांमधली एचआयव्हीची लागण निम्म्याहून कमी होते हे 2012 साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं. यात टोचणं कमी होणं हे मोठं कारण आहे. तरीही ‘नाही’ म्हणता येण्याइतकं शरीर शांत असणं ही वेगळीच मिळकत आहे, आणि तिची नोंद कोणी घेत नाही.

एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या गोळ्या नियमित घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका घटतो की चाचणीत सापडत नाही. याला साधारण सहा महिन्यांपर्यंत वेळ लागतो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, असा दबलेला राहिला तर संभोगातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. हा अंदाज नव्हे. 2016 आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासाच्या दोन टप्प्यांत जोडप्यांनी कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध ठेवले आणि उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. नशा करणाऱ्यांना हे क्वचितच सांगितलं जातं. ते गोळ्या चुकवतील असं गृहीत धरलेलं असतं. हा अन्याय आहे. नीट आधार मिळाला तर नशा चालू असतानाही माणसं एआरटी व्यवस्थित घेतात.

मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. शून्य धोक्याचा हा पुरावा लैंगिक संबंधांपुरता आहे. सुईतून थेट रक्त रक्तात जातं आणि तिथे असा पुरावा नाही. व्हायरल लोड दबलेला असला तरी सुई वेगळीच हवी. शिवाय गोळ्या आठवडाभर सुटल्या की विषाणू पुन्हा वाढू लागतो. पकडलं जाणं, रुग्णालयात भरती होणं, घर सुटणं, अशा वेळी नेमक्या गोळ्या सुटतात. आठवड्याच्या गोळ्यांची एक छोटी डबी कायम अंगाजवळ असावी, आणि रोज जिथे मेथाडोन मिळतं तिथेच एआरटी किंवा प्रेपची गोळी घ्यायची सोय मागावी.

प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्याने लागण टाळण्यासाठी घ्यायचं औषध. नेहमीची गोळी टेनोफोव्हिर 300 मिलीग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन 200 मिलीग्रॅमची, दिवसाला एक. इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये तिचा मुख्य अभ्यास बँकॉकमध्ये 2,413 जणांवर झाला आणि 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात फक्त टेनोफोव्हिर वापरलं होतं. लागण जवळपास 49 टक्क्यांनी घटली. नियमित घेणाऱ्यांत ही घट बरीच जास्त होती. संभोगाआधी दोन आणि नंतर एकेक गोळी ही पद्धत काही पुरुषांच्या लैंगिक धोक्यासाठी आहे. सुईच्या धोक्यासाठी गोळी रोजच घ्यावी लागते. पूर्ण संरक्षण यायला गुदमैथुनासाठी सुमारे 7 दिवस लागतात, योनीसंभोग आणि सुई यांसाठी 21 दिवस धरून चालावं. सुरू करण्याआधी एचआयव्ही, मूत्रपिंड आणि हेपटायटिस बी या तपासण्या हव्यात. हेपटायटिस बी असताना गोळी अचानक बंद केली तर यकृताला जोराची सूज येऊ शकते. वर्षातून दोनदाच घ्यायच्या लेनाकॅपाविर इंजेक्शनची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2025 साली केली आहे. योनीत बसवायची डॅपिव्हिरिनची कडी मात्र सुईतून होणाऱ्या संसर्गापासून वाचवत नाही. आणि यांपैकी काहीही हेपटायटिस सी किंवा गरमीला अडवत नाही.

धोका घडून गेला असेल, म्हणजे कंडोम फाटला, दुसऱ्याची सुई वापरली गेली किंवा बलात्कार झाला, तर पेप, म्हणजे धोक्यानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायचं औषध. ते 72 तासांच्या आत सुरू झालं पाहिजे, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. सकाळपर्यंत थांबू नये. 28 दिवस रोज गोळ्या घ्यायच्या. सध्या बहुतेक ठिकाणी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर देतात. सुई टोचली असेल तर जागा साबण-पाण्याने धुवावी. पिळू नये, चोखू नये. नशेबद्दल सांगितलं तर हाकलतील या भीतीने ‘कंडोम फाटला’ एवढंच सांगितलं तरी पेप मिळेल, पण हेपटायटिस सीची तपासणी राहून जाईल. धोका पुन्हा येणार हे माहीत असेल तर 28 दिवस संपताच चाचणी करून, मध्ये खंड न पाडता प्रेपवर जाता येतं.

ओव्हरडोस झालेल्या जोडीदाराला तोंडाने श्वास देताना एचआयव्ही होत नाही. लाळेतून तो पसरत नाही. ओव्हरडोस उतरवणारं नॅलोक्सोन दिल्यावर 30 ते 90 मिनिटांनी त्याचा असर ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून मदत येईपर्यंत जवळ बसून राहावं.

टर्की की नवा संसर्ग?

लागण झाल्यावर 2 ते 4 आठवड्यांनी अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, घाम फुटतो, अंग मोडून येतं, जुलाब होतात. ओपिऑइड घेणाऱ्याला ही टर्कीच वाटते. तो डोस वाढवतो आणि विषय संपतो. पण टर्की डोस घेतल्यावर शमते, हा ताप शमत नाही. अंगावर पुरळ आणि मानेत-काखेत सुजलेल्या गाठी हे टर्कीचं लक्षण नव्हे. याच दिवसांत रक्तात विषाणू सर्वाधिक असतो आणि जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही सर्वाधिक. नेमकी तेव्हाच साधी अँटिबॉडी चाचणी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. अँटिजन (विषाणूचा अंश) आणि अँटिबॉडी (शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं) दोन्ही पाहणारी प्रयोगशाळेतली चाचणी 18 ते 45 दिवसांत संसर्ग पकडते, बोटातून रक्त घेऊन केलेली अँटिबॉडी चाचणी 23 ते 90 दिवसांत. म्हणून धोक्यानंतर लगेच, मग सहा आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी चाचणी करावी. धोका चालूच असेल तर दर तीन महिन्यांनी. दोघं सोबत गेले तरी निकाल आधी ज्याचा त्यालाच, एकांतात मिळाला पाहिजे. जोडीदाराला कसं आणि कधी सांगायचं हे त्यानंतर ठरवता येतं. भीती असेल तर नाव न घेता जोडीदाराला तपासणीस बोलावण्याची सोय आहे का, हे विचारावं.

त्याच भेटीत गरमी, परमा आणि क्लॅमिडियाचीही तपासणी करावी. परमा आणि क्लॅमिडिया बहुतेकदा लक्षणांशिवाय असतात, घशात आणि गुदद्वारातही राहतात, आणि फक्त लघवी तपासली तर तिथले सुटतात. गरमीचा पहिला फोड दुखत नाही आणि आपोआप बरा होतो, रोग मात्र शरीरात राहतो. उपचार दोघांनी एकाच वेळी घेतले नाहीत तर संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. हेपटायटिस बीवर लस आहे आणि इंजेक्शन घेणाऱ्यांना ती 0, 7 आणि 21 दिवस अशा जलद क्रमानेही देता येते. हेपटायटिस सीवर लस नाही. पण 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात. बरं झाल्यावर तो पुन्हा होऊ शकतो, म्हणून हे उपचारही दोघांनी सोबत घेतलेले बरे.

औषधांची एकमेकांशी गाठ

एआरटी सुरू करताना सगळ्या नशेची आणि औषधांची यादी डॉक्टरांना खरी सांगावी. एआरटीतली एफाविरेन्झ आणि नेविरापिन ही औषधं मेथाडोनची पातळी खाली आणतात. पहिल्या दोन आठवड्यांत टर्की सुरू होते आणि माणूस एआरटीच सोडतो. क्षयासाठीचं रिफॅम्पिसिनही हेच करतं आणि गर्भनिरोधक गोळ्याही निष्प्रभ करतं. उपाय गोळ्या सोडण्यात नाही, मेथाडोनचा डोस वाढवून घेण्यात आहे. एफाविरेन्झमुळे दंडात बसवायचं गर्भनिरोधक इम्प्लांट कमकुवत होतं. डोल्युटेग्रॅव्हिरचा मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिनवर फारसा परिणाम होत नाही, पण ते पोट रिकामं असताना लोह किंवा कॅल्शियमसोबत, किंवा केव्हाही अँटासिडसोबत घेतलं तर नीट शोषलं जात नाही. डोल्युटेग्रॅव्हिर त्यांच्या आधी 2 तास किंवा त्यांच्या नंतर 6 तासांनी घ्यावं. काही एआरटीत असणारी रिटोनाव्हिर आणि कोबिसिस्टॅट ही औषधं उलट दिशेने काम करतात. त्यांच्यामुळे एमडीएमए, मेथॅम्फेटामिन, जीएचबी, फेंटानिल शरीरात साचतं आणि नेहमीची मात्राही जीवघेणी ठरू शकते. रिटोनाव्हिर चालू असताना सिल्डेनाफिल 48 तासांत 25 मिलीग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये.

गर्भारपणात ओपिऑइड अचानक थांबवू नयेत. टर्कीचा ताण गर्भावर येतो, आणि नशेकडे परतण्याची शक्यताही वाढते. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणं आईसाठी आणि बाळासाठी अधिक सुरक्षित आहे. आईला एचआयव्ही असेल आणि उपचार नसतील तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. एआरटी आणि बाळाची औषधं वेळेवर मिळाली तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. जन्मानंतर बाळाला काही दिवस टर्कीसारखा त्रास होऊ शकतो. त्यावर उपचार आहेत आणि आईजवळ राहिल्याने तो कमी होतो. प्रसूतीगृहात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा डोस आधीच सांगून, कागदावर लिहून ठेवावा. कळांसाठी पेंटाझोसिन किंवा ब्युटोर्फेनॉल दिलं गेलं तर त्या बाईला तिथेच तीव्र टर्की सुरू होते. डोस माहीत असेल तर डॉक्टर दुसरं वेदनाशामक निवडतात आणि रोजचा डोस प्रसूतीच्या दिवशीही चालू ठेवतात.